सातनंतर भाकरी बंद करणाऱ्या मॅडमना

वजन उतरवून देणाऱ्या त्या मॅडम आपल्या ग्रुपवर असतील तर त्यांनी हे वाचावंच.

माझी जाऊ सुनंदा कंपनीत दुसऱ्या पाळीला जाते. घरी यायला मध्यरात्र होते. आमचे हे गेल्यापासून मला एकटीला घास उतरत नाही, म्हणून मी तिच्यासाठी थांबायचे. दोघी भाकरी-कालवण खायचो. मॅडमनी ते बंद केलं. म्हणे, सातनंतर भाकरी खाल्ली की तिची चरबीच होते. मी आता एकटीच ताटावर बसते.

आज मॅडम वजनकाटा घेऊन आमच्या गावात, निमोण्यात आल्या. सुनंदाचं वजन जरासुद्धा उतरलं नव्हतं.

"रात्री काय खाता?"

"साबुदाण्याची खिचडी, घरी आल्यावर उभ्या उभ्याच. भाकरीला शिवत न्हाई."

"छान! उपवासाचं हलकंच असतं."

मला राहवेना. "अहो, साबुदाणा म्हंजी नुसता स्टार्च. वर तूप आन् कूट. तो चालतो व्हय?"

"काकू, शिक्षण किती तुमचं?"

"सातवी. पण वाचते."

मी वाचलंय ते इतकंच, की दिवसभरात एकूण किती खाल्लं, याला घड्याळापेक्षा जास्त महत्त्व आहे. उशिरा खाण्यानं थोडा फरक पडत असेलही, त्यावर जाणकारांचंही एकमत नाही. मॅडमचं मात्र पक्कं ठरलेलं!

सुनंदा अजून त्यांचंच ऐकते. म्हणून सगळ्यांसमोर विचारते, मॅडम: जिची पाळीच रात्री सुटते, तिनं सातच्या आत कुठं जेवायचं? मशीनवर?