गडहिंग्लजची खाण आणि बोकडांचं गणित

गडहिंग्लजला जायचं मी ठरवलं नाही, बायकोनं ठरवलं. तिचा भाऊ शिवा तालमीतला गडी. आमच्या महाराजांच्या राज्यात पैलवानाला जो मान आहे, तो गणिताच्या मास्तराला नाही. पण या खेपेला गरज मास्तराची पडली. शिवा मुंबईच्या गोदीत पाणबुड्याचा तांब्याचा टोप घालून पाण्याच्या तळाशी काम करायला शिकला होता. एकदा घाईनं वर आला आणि पुढं कितीतरी दिवस त्याचा खांदा ठणकत होता. बरोबरच्या एकाचे तर पायच गेले. आता गडहिंग्लजजवळच्या पाण्यानं भरलेल्या दगडखाणीत बुडालेल्या इंजिनाला साखळदंड बांधायचं काम त्यानं घेतलं होतं, आणि वर येताना मध्ये थांबायचं छापील कोष्टक तो जुमानत नव्हता.

"तुमी गणिताचं मास्तर न्हवं? मग घाला की त्येच्या डोस्क्यात," बायको म्हणाली. "माडीवर ऱ्हातोय, जिना धडधडवतोय म्हनून कुरकुरता. पाय गेल्यावर बरं वाटंल व्हय?"

पहाटे शिवाबरोबर छपराच्या बैलगाडीत बसलो. जाणाऱ्यांनी जाड गादी न्यावी, कागलच्या पुढं रस्ता आपली हाडं मोजून घेतो. निपाणीत तंबाखूच्या वासानं शिंका थांबत नाहीत, पण पिठलं-भाकरी झकास. मुक्काम धर्मशाळेत, झोप फुकट, ढेकूणही फुकट.

तिथं मी गोळीच्या सोड्याची बाटली घेतली आणि गोळी खटकन दाबली. फेस थेट शिवाच्या मिशांवर.

"तुझ्या सांध्यांत हेच झालं," मी म्हणालो. "खोल पाण्यात दाब वाढतो, तशी हवा अंगात मुरते. दाब एकदम सुटला की तिचे बुडबुडे होतात."

मग भाकरीचा तुकडा मोडत गणित सांगितलं. ठरावीक वेळात अंग हवेनं निम्मं भरतं, पुढच्या तेवढ्याच वेळात उरलेल्याच्या निम्मं, मग त्याच्याही निम्मं. त्यातही प्रत्येक भागाची भूक वेगळी. रक्त हावरट, लगेच भरतं आणि लगेच रिकामं होतं. चरबी आणि सांधे रेंगाळतात. म्हणून दाब निम्म्यावर येईपर्यंत झपाट्यानं वर यावं, पुढं थांबत थांबत. आणि सगळ्यात जास्त वेळाचा थांबा शेवटचा, पाणी संपायच्या जरा अलीकडं.

"म्हंजे वरची मानसं दिसाय लागली की मी तितंच लटकायचं? वटवाघूळ हाय काय मी? कुनी काढलं ह्ये?"

"विलायतेच्या शास्त्रज्ञानं. बोकडांवर प्रयोग करून."

"आमच्याकडं बोकड गणितात न्हाय, रश्श्यात पडत्यात, दाजी!" पण जरा वेळानं तोच म्हणाला, "आक्का लई रडली का वो?" मी हो म्हणालो. "मग थांबतो एक डाव."

खाण दहा-बारा पुरुष खोल, पाणी हिरवंगार. काठावर शिवाचा गोदीतला जोडीदार बाबालाल हवेचा पंप लावून बसला होता. "मास्तर, मेव्हना तुमचा, दोरी तुमीच धरा," म्हणत त्यानं शिवाच्या कमरेची दोरी आणि घड्याळ माझ्या हाती दिलं. खालून एक हिसका म्हणजे ठीक आहे, एवढंच लक्षात ठेवायचं होतं.

काम फत्ते झालं. शिवा थांबत थांबत वर आला आणि शेवटच्या थांब्यावर लटकला. पाण्याखाली टोप चकाकताना सगळ्यांना दिसत होता, आणि तिथंच घोटाळा झाला. बघायला निम्मं गाव लोटलं होतं. त्यातले बसाप्पा नावाचे उसाचे बागायतदार ओरडले, "पावणं, मानूस अडकलाय की! वढा!"

मदत करायला आमच्या मुलखात कुणाला दोनदा सांगावं लागत नाही. दहा-बारा गडी दोरीला भिडले. बाबालालला पंप सोडता येईना. मी त्यांना निम्म्याचं निम्मं समजावू लागलो, पण ऐकतो कोण! शेवटी दोरी बुडाखाली घेतली आणि फतकल मारून बसलो.

"उठा की वो! मरंल त्यो!"

"उठलो तर मरेल!"

बोललो खरा, पण खरंच अडकला असेल तर? मी दोरीला हिसका दिला. काही नाही. पुन्हा दिला. तेव्हा खालून असा हिसका आला की मी बसल्या जागी हललो. बसाप्पा खो खो हसले आणि माझ्याशेजारी दोरीवरच बसले. कोष्टकातली वेळ सरेपर्यंत त्यांनी मला उसाचे भाव ऐकवले.

परतीच्या वाटेवर काकवी घेतली. तुम्हीही घ्या, मडकं मात्र मांडीवर ठेवा. माझं गाडीतच लवंडलं.

घरी बायकोनं दारातच विचारलं, "गणित कामाला आलं का?"

"गणित कुठलं, आक्का! दाजींचं वजन आलं," मागून शिवा ओरडला आणि माडीचा जिना चढू लागला. धड, धड, धड. वरून माती पडली, नेहमीसारखी, माझ्याच डोक्यावर. मी कुरकुरलो नाही. शेवटच्या पायरीपर्यंत ऐकत उभा राहिलो.