चौदा नंबरचा किडा

मुलांनो, किड्यांची हजेरी मी घ्यायला लागले ती तुमच्यातल्या थोरलीमुळे. दसऱ्याच्या सुमारास तिने फोनवर विचारलं होतं, "आजी, तुझ्या परसात कोणकोणते कीटक आहेत?" मी म्हणाले, "पुष्कळ." फोन ठेवल्यावर माझीच मला लाज वाटली. रिसोडच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. असं उत्तर लिहिणाऱ्या मुलांना मी शून्य दिलेलं आहे.

मग तिने पुस्तक पाठवलं. गुळगुळीत कागदाचं, इंग्रजी. इकडचे किडे वेगळे असतील, पण पाय सगळीकडे सारखेच, असं तिचं म्हणणं होतं आणि ते मला पटलं. पुस्तकाची रीतही आवडली. किडा समोर ठेवायचा आणि प्रश्नांची उत्तरं देत जायचं. पाय सहा आहेत का? नसतील तर हा कीटकच नव्हे. असतील तर पुढे. पंख आहेत का? दोन की चार? वरचे पंख ढालीसारखे टणक की काचेसारखे पातळ? मिशा केसासारख्या की टोकाशी जाड? अगदी वाक्य सोडवण्यासारखं आहे. कर्ता सापडला, क्रियापद सापडलं, की बाकीचं आपोआप जागेवर बसतं.

मी एक कोरं हजेरीबुक काढलं. नंबर एक, मुंगळा. नंबर दोन, नाकतोडा. नंबर तीन, ढालकिडा, म्हणजे तुम्ही ज्याला लेडीबर्ड म्हणता तो. नारिंगी अंगावर काळी नक्षी. न्हाणीघरातला कोळी आठ पायांचा निघाल्यामुळे त्याचं नाव कापावं लागलं. वाईट वाटलं, कारण सगळ्यांत नियमित तोच होता.

परसातल्या कामाला रोज सकाळी मावशी येतात. त्यांचं माहेर किन्हीराजाचं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला भिंगासकट पकडलं.

"मॅडम, काय करून राह्यल्या?"

"पाय मोजते आहे. या भुंग्याचे."

"मंग? भरले का पुरे?"

मावशींच्या मते किडे तीनच जातीचे: चावणारे, खाणारे आणि बिचारे. माझं अर्ध्या तासाचं काम त्या एका नजरेत उरकत आणि खराटा उचलून पुढे जात. एकदाच त्या माझ्याशी वाद घालायला थांबल्या. विजेच्या बोर्डावर कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं आणि ती त्यात हिरवी अळी कोंबत होती.

"आता पाहा," मावशी म्हणाल्या. "अळीले आत कोंडते आन् वरतून भुणभुण करते. आयकून आयकून अळीची माशी होते."

मी त्यांना खरा प्रकार सांगितला. आत माशीचं अंडं असतं. पिल्लू बाहेर आलं की ते अळी खातं. एका जातीचा जीव दुसऱ्या जातीचा होत नाही. शेजारीण कितीही बडबडली म्हणून आपलं पोर तिच्यासारखं होतं का?

"होते ना," मावशी म्हणाल्या. "माह्या भाच्याचं झालं."

पण खरा मुद्दा वालाचा आहे. मागच्या खेपेला थोरलीने वालाच्या शेंगांची भाजी तीनदा वाढून घेतली होती आणि धाकट्याने वाटीतला रस्सा पिऊन टाकला होता. यंदा तुम्ही नाताळात येणार, म्हणून मी कुंपणाच्या भिंतीला वेल लावला. बाजारात शेंगा मिळतात, पण त्या बाजारच्या. दिवाळीनंतर वेलाला जांभळी फुलं आली आणि त्यांच्या पाठोपाठ मावा आला. मावा म्हणजे मोहरीहून बारीक काळे किडे. शेंड्याला दाटीवाटीने चिकटतात आणि रस पितात. पानं मुडपायला लागली, फुलं गळायला लागली.

"राख मारा," मावशी म्हणाल्या. "सारेच जातीन."

सरसकट शिक्षा मी वर्गातही कधी केली नाही. मी भिंग घेऊन बसले. माव्यात दोघे फिरताना दिसले. एक नंबर तीन. त्याला पुस्तकात बागेचा मित्र म्हटलं आहे, आणि तो दिसतोही सभ्य. दुसरा नवीन होता. काळा, लांबट, पाठीवर काटे आणि नारिंगी ठिपके, सुसरीच्या पिल्लासारखा. पाय सहा. पंख नाहीत. बिनपंखी कीटकांच्या पानावर त्याच्यासारखा कोणीच नव्हता. मी त्याला चौदा नंबर दिला आणि पुढे लिहिलं, "ओळख पटली नाही. वर्तन संशयास्पद."

मावा जिथे जास्त, तिथे चौदा नंबर हमखास हजर. एवढा पुरावा मला पुरला. रोज सकाळी चिमट्याने एकेक उचलायचा, साबणाच्या पाण्यात टाकायचा आणि आकडा लिहायचा. पंधरा दिवस हे चाललं. चौदा नंबर कमी झाले. मावा मात्र वाढला.

शेवटी एक चौदा नंबर मी थोरलीला दाखवण्यासाठी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवला, माव्याच्या एका डहाळीसकट. तोंडाला कापड बांधलं, वर चिठ्ठी चिकटवली. फोटो काढायच्या आत तो काचेला शेपटीने चिकटून गोळा होऊन बसला. दुसऱ्या दिवशीही हलला नाही. मी हजेरीत "मयत" लिहिलं.

पाच दिवसांनी बरणी धुवायला घेतली, तर आत एक पिवळाधमक किडा फिरत होता. अंगावर काही नक्षी नाही. दुपारच्या चहापर्यंत त्याच्या पाठीवर काळी नक्षी उमटली.

"मावशी, बरणी कोणी उघडली होती?"

"मी कायले उघडू? कापड तुमीच बांधलं." त्यांनी बरणी उजेडात धरली. "हा तर तुमचा तीन नंबर हाये."

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तीन नंबरच होता.

"मंग मी काय सांगत होती? कुंभारनीचं तुमाले पटत नोयतं."

"पण इथे भुणभुण कोणी केली?"

"तुमी. पंधरा दिवसांपासून करूनच राह्यल्या."

त्या गेल्यावर मी पुस्तकाचं पहिलं पान उघडलं. तिथे ठळक अक्षरांत सूचना होती: ही प्रश्नावली फक्त पूर्ण वाढलेल्या कीटकांसाठी आहे, पिल्लं वेगळी दिसतात, त्यांचं प्रकरण शेवटी पाहावं. प्रत्येक परीक्षेआधी मी वर्गात टेबलावर पट्टी आपटून सांगत असे, आधी सूचना वाचा. शेवटच्या प्रकरणात चौदा नंबरचं चित्र होतं. खाली लिहिलं होतं की हे पिल्लू फार खादाड असतं आणि ते मावाच खातं.

दुसऱ्या दिवशी मी मावशींना सगळं सांगितलं.

"किती बुडवले?"

हजेरी नीट ठेवण्याचा हा तोटा. "सदतीस."

"सदोतीस पोरं बुडवली," त्या म्हणाल्या, "आन् मायले म्हनता सभ्य."

नंतर दोन दिवस त्या झाडून लगेच घरी गेल्या. तिसऱ्या दिवशी आल्या त्या जेवणाचा डबा घेऊन. त्यांच्या घरामागे बरबटीचा वेल आहे, तुम्ही तिला चवळी म्हणता. त्यावरचे चौदा नंबर त्यांनी पानांसकट डब्यात आणले होते.

"यात भाकर असते ना तुमची?"

"वरच्या पुड्यात हाये. सोडा लवकर, एकमेकांले खाऊन टाकतीन."

आम्ही दोघींनी ते एकेक करून शेंड्यावर सोडले. मी मोजले नाहीत.

आता शेंडे सरळ झाले आहेत. उशिरा आलेल्या फुलांच्या शेंगा बोटाएवढ्या झाल्या आहेत. हजेरीत मी चौदा नंबर खोडून "पाहा: तीन" असं लिहिलं आहे, आणि "मयत"ही खोडलं आहे. मावशी गल्लीत सगळ्यांना सांगतात की मॅडमच्या बरणीत अळी बदलली, त्यांनी स्वतः पाहिली. कुंभारणीचा वाद मी आता जिंकू शकत नाही.

शेंगा एका कढईपुरत्याच होतील. त्यातली एक वाटी मावशींची. उरलेल्या तुम्हा दोघांच्या. तुमच्या बाबाला यंदा वाल आवडत नाहीत, असं मी ठरवलं आहे. विमानात बसण्याआधी त्याला तसं सांगून ठेवा.