कॉम्प्युटरची वानगी

तुरीची धूळ नाकात गेली की लातूरच्या गंज बाजारातलं आमचं आडत दुकान आठवतं. लातूर जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती, आणि पाऊस पुन्हा फिरकला नव्हता. काटा रिकामा लोंबत होता, हमाल बारदानं अंथरून झोपले होते. अशा दुपारी नांदेडचे मामा एका कॉम्प्युटर कंपनीच्या शेअरचा फॉर्म घेऊन आले. "दाजी, कंपनी लई भराभर वाढायलीय. आत्ताच घ्या, स्वस्तात हाय." वडिलांनी सवयीनं तळहात पुढं केला. "वानगी?" मूठभर माल हातावर घेऊन, दाणा दाताखाली फोडल्याशिवाय त्यांनी कधी भाव केला नव्हता. मामा हसले आणि आम्हाला कलेक्टर कचेरीत घेऊन गेले; तिथं नवा कॉम्प्युटर आला होता. नेमकी वीज गेलेली. ओळखीच्या कारकुनानं खोळ तेवढी काढली. वडिलांनी पडद्याच्या गार काचेवर हात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि बराच वेळ उचललाच नाही. मग दमल्यासारखे म्हणाले, "भराभर वाढलेली तूर लई बघितली, पाव्हणं. नुसती माजती, शेंगा धरत न्हाई." फॉर्म कोराच नांदेडला परत गेला. कंपनी मात्र वाढतच राहिली. मामांनी ते कधी बोलून दाखवलं नाही, आणि वडिलांना तेच जास्त लागलं. परवा मुलगी अशाच एका नव्या कंपनीचे शेअर घ्या म्हणून मला समजावत होती. मधेच ती थांबली. म्हणाली, "बाबा, हात कशाला पुढं केलाय?"