चोरओटी

माझी पाळी थांबली हे घरात सगळ्यांत आधी सासूबाईंच्या लक्षात आलं. येणारच. आमच्याकडे बाई बाजूला बसली की चार दिवस स्वयंपाक दुसरीनं करायचा, देवापुढे दिवा दुसरीनं लावायचा. त्यामुळे कुणाची तारीख कधी, हे घरभर ठाऊक. लग्नानंतर अकरा वर्षं मी या प्रकाराचा राग राग केला. नाशिकला अंबडच्या कारखान्यात दिवसभर पुरुषांच्या बरोबरीनं माल तपासायचा आणि घरी येऊन लोणच्याच्या बरणीला शिवायचं नाही, याचं मला हसूही यायचं आणि चीडही यायची.

त्या वर्षी माझ्या डाव्या स्तनात गाठ सापडली. ऑपरेशन झालं, पुढे रेडिएशनचे शेकही झाले. गाठ कॅन्सरची होती, हे मला आणि नवऱ्याला माहीत होतं. नवरा म्हणाला, "आईला एवढंच सांगू, गाठ होती, काढली. उगाच बीपी वाढायचं तिचं." मीही हो म्हणाले. निभावून नेता येईल तेवढंच खरं आम्ही सांगितलं.

डॉक्टरबाईंनी पुढचं समजावलं. ही गाठ तुमच्याच शरीरातल्या हार्मोनवर पोसते, तर ती परत येऊ नये म्हणून तिचं खाणंच तोडायचं. दर महिन्याला पोटात एक इंजेक्शन, म्हणजे बीजकोश झोपी जातील. रोज एक गोळी, म्हणजे उरलेलं हार्मोन गाठीच्या कामी येणार नाही. पाळी थांबेल, पण थांबली म्हणून बेफिकीर राहू नका, गोळी चालू असताना दिवस राहिले तर बाळाला धोका असतो, हेही त्यांनी दोनदा सांगितलं. मी मान हलवत होते. कानात राहिलं ते एवढंच की पाळी थांबेल. मी छत्तीसची होते, मुलगी सात वर्षांची होती, आणि दुसऱ्या मुलाचं आम्ही नेमकं त्याच वर्षी ठरवलं होतं.

पहिल्या इंजेक्शननंतर पाळी आली, आणि अशी आली की मला वाटलं, औषध लागूच पडलेलं नाही. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. त्यानंतर मात्र ती आली नाही. तिच्याऐवजी घाम यायला लागला. बसल्या जागी कानशिलं तापायची, कुर्ता पाठीला चिकटायचा, सकाळी स्कूटीच्या ब्रेकवर बोटं वळायची नाहीत. मळमळायचं. चिडचिडीचं तर विचारूच नका. ती माझी मूळचीच, आता तिला डॉक्टरांची चिठ्ठी मिळाली एवढंच.

सासूबाई सिन्नरकडच्या एका गावच्या. त्या तोंडानं काही विचारत नव्हत्या. पण पाण्याची बादली माझ्या हातातून घेऊ लागल्या. घरात पपई येणं बंद झालं. मला वाटलं, ऑपरेशन झालंय म्हणून जपताहेत. बरं वाटायचं मला ते.

एका शुक्रवारी कामावरून आले तर पाट मांडलेला. "बस जरा," म्हणाल्या. हळदकुंकू लावलं, ओढणी पसरायला लावली आणि तिच्यात तांदूळ, नारळ, हिरवा खण घातला. देवीचं काही असेल, असं समजून मी बसले. मग त्या माझ्या कानाशी वाकल्या.

"चोरओटी हाये. कुणाला बोलायचं नाय अजून. तिसरा लागला ना?"

पोटुशीची तिसऱ्या महिन्यात गुपचूप भरतात, ती चोरओटी. दोन महिने मी बाजूला बसले नव्हते, मळमळत होतं, घाम येत होता. त्यांनी त्यांचा हिशेब बरोबर मांडला होता. मी मिनिटभर ती ओटी खरीच असल्यासारखी पोटाशी धरून बसले. त्या मिनिटाची मला अजून लाज वाटते, आणि ते मिनिट अजून हवंसंही वाटतं.

मग माझा तोल गेला. "आई, दिवस गेले नाहीत. दिवस बंद केलेत, औषधानं," मी जवळजवळ ओरडलेच, आणि मग सगळंच सांगून टाकलं. गाठ कसली होती ते. पाइप फुटला की आधी मेन कॉक बंद करतात, तसं हे इंजेक्शन आहे, ते. सासूबाई नारळाकडे बघत राहिल्या. मी ओटी परत द्यायला गेले तर त्यांनी हात आडवा धरला.

"भरलेली ओटी काढून घेत नसत्यात," एवढंच म्हणाल्या आणि आत जाऊन भाजी ढवळत राहिल्या. भाजी केव्हाच झाली होती.

पुढच्या इंजेक्शनला नवरा रजा टाकणार होता. सकाळी पाहते तर सासूबाई चांगली साडी नेसून, पिशवी घेऊन दारात उभ्या. "तू जाय कामाला," त्याला म्हणाल्या, "मी जाते हिच्यासंगं."

दवाखान्यात त्यांनी थेट डॉक्टरबाईंनाच विचारलं, "हिची पाळी परत यील का?"

डॉक्टर म्हणाल्या, "बाळ हवं असेल तर दोनेक वर्षांनी औषध मध्ये थांबवून बघता येतं. पाळी बहुतेक येईल, पण या वयात खात्री देता येत नाही. आणि मध्ये थांबवायचं म्हणजे थोडी जोखीम असतेच."

"जोखीम म्हंजी? ती गाठ?"

"हो."

"मंग नका थांबवू. नात हाये आम्हाला. ही पाह्यजे."

मला राग आला. माझ्या पोटाचा निर्णय घेणाऱ्या या कोण? शब्द ओठांवर आले होते, पण तेवढ्यात सिस्टरनं कुर्ता वर धरायला सांगितला. त्या इंजेक्शनची सुई जाड असते. सासूबाईंनी माझा खांदा धरून ठेवला होता. आजारपणाच्या या सगळ्या महिन्यांत घरातले मला होईल ठीक, होईल ठीक म्हणत होते. ही पाह्यजे असं कुणी म्हणालं नव्हतं.

परतताना द्वारका चौकात रिक्षा नेहमीसारखी अडकली. पुढे ट्रक, मागे बस.

"आई, मला दुसरं मूल हवं होतं," मी म्हणाले. हे मी नवऱ्यालाही असं कधी बोलून दाखवलं नव्हतं.

त्या बाहेर बघत होत्या. "मला बी," म्हणाल्या. "लय हवं व्हतं, पोरी." आणि त्यांनी तोंडाला पदर लावला. मग मलाही आवरेना. भर दुपारी, गाड्यांच्या हॉर्नमध्ये, आम्ही दोघी सासूसुना एकमेकींचा हात धरून रडत होतो.

रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं. चांगला माणूस असावा. हळू आवाजात विचारलं, "कुणी गेलं का, मावशी?"

"नाय रे बाबा," सासूबाई म्हणाल्या. "यायचं व्हतं कुणी. आलंच नाय."