शनिवारचा उठाव आणि दोन्या इंगेचा बँड

दोन्या इंगे मला पहिल्यांदा दिसली नाही, ऐकू आली. कोचाबांबातला माझा तो पहिलाच दिवस. एका गल्लीत मी बुटाची नाडी बांधायला वाकलो होतो, तेवढ्यात आभाळातून आवाज फुटला : "पाठ सरळ!"

मी इतक्या झटक्यात ताठ झालो की डोक्यावरची टोपी उडून समोरच्या सज्जात जाऊन पडली. शेजारून कोबीची पोती वाहणारं गाढव चारी पाय जुळवून उभं राहिलं. कोपऱ्यावरच्या दोन पोलिसांनी सलाम ठोकला. आणि चौकातल्या चर्चचं घड्याळ, जे गेल्या तीन राष्ट्राध्यक्षांपासून बंद होतं, ते म्हणे पाच मिनिटं पुढे सरकलं. घड्याळाची गोष्ट ऐकीव आहे. गाढवाबद्दल मात्र मी शपथेवर सांगायला तयार आहे.

मान वर केली तर गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींच्या मधून एक साठीची, उंच, हाडापेराने मोठी बाई खाली बघत होती. "नवीन दिसतोस," ती म्हणाली. "नाडी बांधताना गुडघा वाकवतात, कंबर नाही. वर ये, चहा टाकलाय." त्यात आमंत्रण किती आणि हुकूम किती हे ठरवण्याआधीच मी दोन जिने चढलो होतो.

तिचं पूर्ण नाव इंगेबॉर्ग थ्राने; 'दोन्या' म्हणजे इथलं मानाचं 'बाईसाहेब'. डेन्मार्कहून इथल्या मुलींच्या शाळेत कवायत शिकवायला आली ती ऐन तारुण्यात. नोकरीची मुदत संपली तेव्हा परतीच्या बोटीचं तिकीट आलं होतं, पण त्याच आठवड्यात मुलींची दोरीवरच्या उड्यांची स्पर्धा होती. स्पर्धा कशी सोडायची? बोट सोडली. पुढे दरवर्षी काही ना काही स्पर्धा निघतच गेली. या शहरातली एखादी बाई चौकात ताठ चालताना दिसली की लोक सांगत, "ही थ्रानेबाईंच्या हाताखालून गेलीय." पोक काढून चालणारी दिसली, तर "हिने शाळा बुडवली."

गावात तिची सगळ्यात जवळची मैत्रीण म्हणजे बाजारात तांदूळ, साखर आणि मेणबत्त्या विकणारी कासिमिरा. पाच घागऱ्यांचा घेर, डोक्यावर गोल टोपी आणि जिभेवर सदैव तिखट. दोघींची ओळख तराजूच्या काट्यावरून झालेल्या भांडणातून झाली. ते भांडण वर्षभर चाललं, आणि मिटलं तेव्हा एकमेकींवाचून दोघींना करमेना.

या कासिमिराच्या धाकट्या लेकीचं, लिदुविनाचं, लग्न ठरलं. इथे लग्न एकट्या बापाच्या खिशातून होत नाही. अंगठ्या एकाने आणायच्या, केक दुसऱ्याने, बिअर तिसऱ्याने, गादीसुद्धा चौथ्याने. ज्याला ज्या वस्तूचा मान दिला तो त्या वस्तूचा धर्मबाप किंवा धर्मआई, म्हणजे मद्रीना. मान नाकारता येत नाही. मेलात तर सुटका होते असं म्हणतात, पण तेव्हाही लोक तुमच्या मुलाकडे जाऊन बघतात.

दोन्या इंगेला बँडचा मान मिळाला. तिला पितळी वाद्यं मनापासून नावडत. "हे संगीत नाही, हे नळकाम आहे," ती म्हणायची. पण मान मिळाला तशी तिने कासिमिराला मिठी मारली, तडक बँडवाल्यांकडे गेली आणि सगळ्यात आधी त्यांच्या पाठी तपासल्या.

लग्न शनिवारी. आणि उठावही शनिवारीच होणार अशी गावभर बोलवा.

त्या वर्षी सरकारं इतकी भराभर बदलत होती, की पोस्टात राष्ट्राध्यक्षाचा फोटो खिळ्याला लावायचं सोडून नुसता भिंतीला टेकवून ठेवत. आम्हा परदेशी मंडळींचा टेनिस क्लब तर चिंतेने नुसता फुलून आला होता. टेनिसला कधी चार माणसं जमली नाहीत, पण उठावाची भीती बाळगायला रोज खुर्च्या कमी पडत. या चिंतेचे पुढारी होते मिस्टर गॉडविन पेटिफर. धंदा शिलाई मशिनं विकण्याचा. पण आमच्या गावापुरते ते पाच देशांचे मानद कॉन्सल होते, त्यामुळे एखादी बातमी आली की ते पाच देशांच्या वतीने घाबरत.

गुरुवारी पेटिफरसाहेबांनी जाहीर केलं : शनिवारी दुपारी राजधानी ला पासहून खास विमान येणार. माणशी एक बॅग. सकाळी सगळ्यांनी क्लबात जमायचं.

"आणि थ्रानेबाई?" कोणीतरी विचारलं.

"त्या तर आल्याच पाहिजेत. मी सांगितलंय सगळीकडे, त्या येताहेत म्हणून."

शुक्रवारी मी इंगेबरोबर बाजारात गेलो. कासिमिराच्या दुकानात साखरेची पोती उलटी होऊन पडली होती आणि मेणबत्तीचा एक तुकडाही शिल्लक नव्हता. ती रिकाम्या पोत्यावर फतकल मारून बसली होती.

"कासिमिरा, साखर कुठे गेली गं?"

"तुमच्या त्या मशीनवाल्या इंग्रजाने सकाळी सकाळी पोतं उचललं. ते बघून सगळा बाजार तुटून पडला. गोरे लोक साखर भरायला लागले म्हणजे काहीतरी असणारच, त्यांना आधी कळतं, असं म्हणत होते सगळे."

इंगेने उलटं पडलेलं एक पोतं सरळ केलं. "आणि पेटिफरने साखर का घेतली ठाऊक आहे? काल तुझ्या दुकानापुढे चार बायकांची रांग दिसली म्हणून. म्हणाला, इथल्या लोकांना आधी कळतं."

"ती रांग? अगं, त्या माझ्या जावा होत्या! लग्नाच्या केकची साखर न्यायला आल्या होत्या!"

मला हसू फुटलं. पण कासिमिरा हसली नाही. तिने टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि ती टोपी काढते तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

"लग्न मोडल्यात जमा आहे, कोमाद्रे," ती म्हणाली. कोमाद्रे म्हणजे पोरांच्या नात्याने झालेली बहीण. "नवऱ्याकडच्यांचा निरोप आलाय. म्हणतात, निवळू दे, मग बघू. अगं, या देशात कधी निवळलंय? माझ्या आईचं लग्न असंच निवळेपर्यंत पुढे ढकललं होतं. त्या लग्नात मी फुलं घेऊन पुढे चालत होते!"

"मग काढा महिन्याभराने दुसरा मुहूर्त," मी आपलं काहीतरी बोललो.

"तुला काय कळतंय बाबा! सोमवारी पोरगा आर्जेन्टिनाला ऊसतोडीला निघालाय. लग्न लागलं तर हिला घेऊन जाईल. नाही लागलं तर तिकडचीच एखादी बघेल. माझ्या थोरलीचा असाच गेला तो गेलाच. आणि व्याही काय म्हणतो ठाऊक आहे? 'कवायतवाली दोन्यासुद्धा विमानाने चाललीय. बँडची मद्रीनाच पळते आहे, मग आम्ही कुठल्या तोंडाने वरात काढू?'"

इंगेचे कान लाल झाले. "कोण पळतंय?"

"तुमचा मशीनवालाच सांगत फिरतोय."

"बरं," इंगे म्हणाली. बस, एवढंच. तिचं 'बरं' ज्यांनी शाळेत ऐकलं होतं, त्या बायकांना आजही घाम फुटतो.

शनिवारी सकाळी आम्ही क्लबात जमलो. बॅगाच बॅगा. माणशी एकच न्यायची असल्यामुळे लोकांनी आयुष्यात पाहिल्या नव्हत्या एवढ्या मोठ्या बॅगा मिळवल्या होत्या. एका डच दाताच्या डॉक्टरांची बॅग तर इतकी मोठी होती, की तिला स्वतंत्र राष्ट्र म्हणून मान्यता मिळाली असती. इंगे काही आली नाही. पेटिफरसाहेबांनी मला पिटाळलं, "जा, घेऊन या त्यांना. उचलून आणावं लागलं तरी चालेल." हे वाक्य इंगेला कधीही न पाहिलेल्या माणसानेच बोलावं.

ती मला तिच्या गल्लीच्या तोंडाशी सापडली. समोर बँडवाले ओळीत उभे. "पोट आत! ट्युबा, खांदा खाली पडतोय!" मला बघून म्हणाली, "बरं झालं आलास. झांजवाला घाबरून आलाच नाही. ह्या धर."

"बाई, विमान..."

"झांजा धर."

मी धरल्या. आम्ही निघालो. रस्त्यावर शुकशुकाट, दारं ओढून घेतलेली, फटींमधून डोळे. चौकात मोटार आडवी लावून सैनिक उभे होते. त्यांचा कप्तान पुढे आला. वय तिशीचं, डोळ्यांत झोप नाही.

"थांबा! चारपेक्षा जास्त माणसांनी एकत्र यायला बंदी आहे."

"कोणाची बंदी?" इंगेने विचारलं.

"वरून आदेश आहे."

"सध्या वर कोण आहे?"

कप्तानाने मागे बघितलं, मोटारीतल्या रेडिओकडे बघितलं. माणूस प्रामाणिक होता. "ते अजून कळलेलं नाही, सेन्योरा. आम्हीही ऐकतोच आहोत."

"मग कळेपर्यंत आम्ही पुढे होतो."

"सेन्योरा, हसण्यावारी नेऊ नका. माझी नोकरी जाईल. चारच्या वर माणसं नकोत."

"चारच्या वर नकोत ना? मग आधी सांगायचं." तिने वळून टाळी वाजवली. "तीन-तीनच्या रांगा! दोन रांगांत वीस पावलांचं अंतर! पुढे... चल!" मग कप्तानाला विचारलं, "वाजवायला बंदी आहे का?"

त्याने खिशातला कागद काढून पुन्हा वाचला. "वाजवण्याचं काही लिहिलेलं नाही."

"मग असा खांदे पाडून काय उभा आहेस? पाठ सरळ!"

कप्तान ताठ झाला. त्याच्यामागे अख्खी तुकडी ताठ झाली. आणि त्या ताठ उभ्या फौजेसमोरून आम्ही तीन-तीन जण, वीस-वीस पावलांनी, कायद्याच्या केसालाही धक्का न लावता पुढे गेलो.

मात्र इतक्या लांबून वाजवताना जे व्हायचं ते झालं. कर्णेवाले गाण्याच्या दुसऱ्या कडव्यावर होते, तेव्हा मधले पहिल्याच कडव्यात अडकलेले, आणि ट्युबा अजून सुरुवात करत होती. मी मोठ्या निष्ठेने झांजा वाजवत होतो, पण कोणाच्या गाण्यात ते मला आजतागायत कळलेलं नाही. अर्धा मैल लांब असा तो कुएका नाचाचा सूर रस्त्यावरून सरपटत निघाला. पण सूर लांबला म्हणून जास्त दारांपर्यंत पोचला. एक दार उघडलं. मग दुसरं. "अहो, कवायतवाली दोन्या! गेली नाही ती!" कोणीतरी गच्चीवरून ओरडलं, "मग काही होत नाही आज! भट्टी लाव रे!"

क्लबापाशी पोचलो तेव्हा आत एकच धावपळ चालली होती. इथे उठाव झाला की रेडिओवर लष्करी बँड वाजतो, हे प्रत्येक परदेशी माणसाला तोंडपाठ. त्यामुळे आमचा आवाज कानी पडताच पेटिफरसाहेब पाच देशांसह बिलियर्डच्या टेबलाखाली गेले होते.

"गॉडविन, बाहेर ये," इंगे फाटकातून म्हणाली. "लग्नाला जायचंय."

"मिस थ्राने!" टेबलाखालून उत्तर आलं. "तुमच्या जिवाची जबाबदारी माझ्यावर आहे! विमानात बसा!"

"माझ्या जिवाची जबाबदारी तुला दिली कोणी? ऐक नीट. आपण इतकी वर्षं ह्यांच्या हातचं खातो, ह्यांच्या मुलांना शिकवतो, ह्यांना मशिनं विकतो. वारं सुटलं की बॅग उचलायची आणि पडलं की परत यायचं, हे तुला जमत असेल तर जा. इथे राज्य कोणी करावं हे मला कोणी विचारत नाही, आणि विचारूही नये. पण मी पळाले म्हणून एका पोरीचं लग्न मोडणार असेल, तर मी पळणार नाही. तोफा आणल्या तरी नाही. मी बँडची मद्रीना आहे."

मग त्या डच डॉक्टरांच्या बायकोने आपली बॅग उचलली आणि बँडच्या मागे येऊन उभी राहिली. "केक असेल ना?" तिने विचारलं. तिच्यामागे नवरा. मग हळूहळू बाकीचे. बॅगा क्लबात कोणी सोडेना, चोरीची भीती. आदेशाचा मान राखून तेही तीन-तीनच्या रांगांनी चालले.

नवऱ्याचा बाप दारात उभा होता, तोंडावर नकार तयार. पण समोरून बँड, बँडमागे सगळे परदेशी, आणि प्रत्येकाच्या हातात ही भलीमोठी बॅग, हे बघून तो विरघळला. "एवढा आहेर?" तो पुटपुटला. "व्याहीणबाई, बोलला नाहीत!"

कासिमिराने क्षणाचाही विलंब न लावता ओंजळभर रंगीत कागदाचे कपटे त्याच्या डोक्यावर उधळले. "तुम्हाला चकित करायचं होतं!" मग आमच्याकडे वळून दबक्या आवाजात, दात ओठ खात, "एकाने तरी बॅग उघडा रे मेल्यांनो!"

अशा रीतीने लिदुविनाला एक चांदीची चहादाणी, सहा रुमाल आणि दात काढायचा एक जर्मन चिमटा मिळाला. लग्न लागलं. रिवाजाप्रमाणे पहिला पेला जमिनीला पाजून झाल्यावर चिचा, म्हणजे मक्याची दारू, संपेपर्यंत सगळे नाचले, संध्याकाळी पेटिफरसाहेबही आले आणि कासिमिराने त्यांना साखरेच्या पोत्यावरून जे सुनावलं ते त्यांनी मान खाली घालून ऐकलं. विमान येऊन रिकामंच परत गेलं. सोमवारी लिदुविना नवऱ्याबरोबर आर्जेन्टिनाच्या गाडीत बसली. खिडकीतून ती आईकडे बघत हात हलवत होती, आणि कासिमिरा रडत रडत इंगेला सांगत होती, "कोमाद्रे, तुझी ट्युबा फार बेसूर होती गं."

उठाव पुढच्या महिन्यात झाला, एका मंगळवारी, कोणी चर्चा करत नसताना. नव्या सरकारने जमावबंदी मोडणाऱ्या परदेशी लोकांची प्रकरणं काढली. तीन-तीनच्या रांगांचा मुद्दा त्यांनी मानला नाही. दोन्या इंगेला दोन दिवसांत देश सोडायला सांगितलं, आणि पुढच्या हिवाळ्यात डेन्मार्कमध्ये ती न्यूमोनियाने वारली.