बारा फुटी रस्ता

आमच्या घराची गोष्ट सांगायला बसलो की पोरं आधीच हसायला लागतात. त्यांना ठाऊक असतं, या गोष्टीत घर फार उशिरा येतं आणि बापाचा शहाणपणा फार लवकर. हसू देत बापडी. मीही हसतच सांगतो. एका जागी मात्र दरवेळी घसा खाकरावा लागतो. तो तंबाखूमुळे, असं मी घरात सांगून ठेवलंय.

सोनईपासून दोन कोसांवर आमचं गाव. आम्ही दोघे भाऊ. दादा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, तेव्हा त्यानं स्वतः नांगर धरला आणि मला पाटी दिली. मी शिकून मास्तर झालो. वाटणीच्या वेळी गावरस्त्याला लागून असलेलं काळं रान दादाकडे राहिलं आणि त्याच्या मागचा माळ मी मागून घेतला. घर बांधायला माळासारखी जागा नाही. काळ्या मातीत पाया घातला तर भिंती पावसाळ्यात एक बोलतात, उन्हाळ्यात दुसरं. माळावर हातभर खणलं की मुरूम लागतो. घर बसलं की बसलं. तेवढं ज्ञान मला होतं, आणि तेवढ्याच ज्ञानानं माझा घात केला.

वाटणीच्या कागदात सगळं होतं. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या होत्या, चिंचेचा अर्धा-अर्धा वाटा होता. रस्ता तेवढा नव्हता. गावरस्ता आणि माझा माळ यांच्या मध्ये दादाचं अख्खं रान, आणि माळावर जायला त्याच्या कडेचा बांध. माणसं बांधावरून जातात, यात लिहायचं काय? दगडांना, चुन्याला, वाशांना बांधावरून चालता येत नाही, हे आम्हां दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही. दादाला घर बांधायचं नव्हतं म्हणून सुचलं नाही. मला का सुचलं नाही, ते विचारू नका.

आम्ही तेव्हा सोनईत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. थोरली दोन वर्षांची, दुसरं पोटात. मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि त्यांनी गोड शब्दांत सांगितलं, "मास्तर, दिवाळीपर्यंत खोल्या मोकळ्या करा." म्हणजे दिवाळीपर्यंत माळावर निदान चार भिंती उभ्या राहायला हव्या होत्या, आणि भिंतींच्या आधी त्यांच्या दगडांना माळापर्यंत पोचायला हवं होतं.

ते बहात्तरच्या दुष्काळाचं वर्ष. पेरलेलं उगवलं नाही, उगवलेलं टिकलं नाही. जनावरं चारा छावणीत गेली. दादा आपली बैलजोडी घेऊन छावणीतच राहायला गेला, कारण बैल परक्याच्या हातचं खात नाहीत असं त्याचं म्हणणं. वहिनी सरकारी सडकेच्या कामावर खडी फोडायला जायची. मी पगारी माणूस. सायकलवरून शाळेत जाताना ती सडकेच्या कडेला बसलेली दिसायची. मी मान खाली घालून घंटी वाजवायचो. घंटी का वाजवायचो, कोण जाणे. मधे कुणीच नसायचं.

दादा छावणीत जाण्याआधी मी त्याला विचारलं होतं, "दादा, माळावर गाडी न्यायची झाली तर कुठून नेऊ?"

"कुठून बी ने," बैलांच्या वेसणी सोडवत दादा म्हणाला. "पीक हाय कुठं आडवायला?"

एवढंच बोलणं. यावर मी माझा रस्ता बांधला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत काम काढलं. माळावर मधोमध एक उंचवटा होता; तो तोडून जागा सपाट करायची. गावातल्या एका गाडीवानाची जोडी तेवढी छावणीत गेली नव्हती. त्यानं बैलांमागे केणी जोडली, म्हणजे मोठं लाकडी फावडंच म्हणा, बैलांनी ओढायचं आणि माती ओरबाडत न्यायची. दोन गडी कुदळीनं उंचवटा फोडत होते. मी औषधाच्या बाटलीत पाणी भरून पातळी तपासत होतो. बाटलीतलं पाणी नेहमी माझ्याच बाजूला कलायचं. गाडीवान म्हणाला, "मास्तर, बाटली हलवताय का तुमी?"

जागा सपाट झाली आणि मुरमाचा हा ढीग उरला. त्याचं करायचं काय? इकडे दादाच्या रानातल्या काळ्या मातीला अशा भेगा पडलेल्या की हात कोपरापर्यंत आत जावा. गाडीचं चाक त्यांत अडकायचं. गाडीवान दोनदा करवादला, "अशानं गाडीचा आख मोडंल माजा. मंग घर कुनाचं बांदायचं, तुमचं का माजं?"

एकीकडे नको असलेला मुरूम, दुसरीकडे मुरूम मागणाऱ्या भेगा. गणिताच्या मास्तराला आणखी काय हवं? मी वहीत आकृती काढली. सरकारी सडकेवर जाऊन मुकादमाकडून शिकून आलो: मधे उंच, कडेला उतार, पाणी मारून धुम्मस करायचा, म्हणजे ठोकून घट्ट बसवायचा. पाण्याला गाव महाग होतं म्हणून पाणी सोडलं, बाकी सगळं केलं. दादाच्या रानाच्या मधोमध, गावरस्त्यापासून माझ्या माळापर्यंत, दोरी लावून सरळ रेषेत मुरूम पसरला. रुंदी बारा फूट.

संध्याकाळी वहिनी सडकेवरून परतली. डोक्यावर घमेलं, हातात हातोडी. रानाच्या कडेला थांबली.

"भावजी, हे काय वाळत घातलंय?"

"रस्ता, वहिनी!"

"कुनाच्या रानात?"

"आपल्याच की."

माळाच्या पलीकडे तिला काटक्या वेचायला जायचं होतं. रस्ता समोर होता, पण ती बाजूच्या ढेकळांतून ठेचकाळत गेली. मला वाटलं, अनवाणी आहे, मुरूम टोचत असेल.

रविवारी बायकोला दाखवायला आणलं. मी रस्त्यावरून मागं-पुढं चालून दाखवलं.

"दादांना विचारलंत?"

"त्यानंच तर सांगितलं, कुठून बी ने."

"गाडी न्यायला सांगितलं. रस्ता करायला कुठं सांगितलं?"

"तू बेलापूरच्या दुकानात वाढलेली. तुला शेतीतलं काय कळतं?"

हे मी म्हणालो. शेतकऱ्याचा मुलगा. वाक्य अजून कानात आहे, आणि बायकोनं ते तिथून कधी बाहेर पडू दिलेलं नाही. काळ्या मातीत मुरूम घालणं म्हणजे दुधात मीठ टाकणं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. मुरमाचा खडा जमिनीत मुरला की पिढ्यान् पिढ्या निघत नाही. मी हे जाणत नव्हतो असं नाही. पण रान भेगाळून, पांढरं पडून उघडं पडलं होतं ना, ते मला रान वाटतच नव्हतं. नुसती मोकळी जागा वाटत होती.

मग पाऊस झाला. दोन दिवस चांगला झाला, आणि दादा बैल घेऊन आला. बैलांच्या बरगड्या मोजता येत होत्या, दादाच्याही. घरी न जाता तो आधी रानाकडे आला. मी तिथेच होतो. रस्त्यावर पाणी साचतंय का ते पाहत होतो. साचत नव्हतं. उतार छान बसला होता.

दादानं खाली बसून एक मूठ उचलली. अर्धी काळी, अर्धी तांबडी.

"रुंदी किती धरली?"

"बारा फूट."

"मंजी दोन गाड्या एकमेकींना पास व्हतील."

"हो, आरामात."

"मंग दुसरी गाडी कुनाची?"

मास्तराला उत्तर येत नाही तेव्हा तो करतो तेच मी केलं; वही उघडली. "दादा, मी आकृती काढलीय. आठ फूट केला तरी..."

"कागुद ठीव," दादा म्हणाला. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. तो बैलांना घेऊन घराकडे वळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलवरून आलो तर रानात दोन माणसं वाकलेली. दादा आणि वहिनी. मुरूम हातानं वेचत होते. खडा उचलायचा, पाटीत टाकायचा. पाटी भरली की दादा ती डोक्यावर घेऊन माझ्या माळावर ओतून यायचा. ढीग नीट लावत होता, सपाट केलेल्या जागेच्या कडेला, माझ्या घराच्या जागेत एकही खडा जाऊ न देता.

"दादा, गडी लावतो. मी बघतो."

"वापसा तीन-चार दिवसांत यील," तो म्हणाला. जमिनीत पेरणीजोगी ओल येते त्याला वापसा म्हणतात. तो थांबत नाही कुणासाठी. "गडी फावड्यानं वडतील. मातीबी जाईल. हातानंच काढाया लागतंय."

"मग मी..."

"पाटी घे."

घेतली. शाळेत आजारी असल्याचं कळवलं. पूर्ण खोटं नव्हतं ते. तीन दिवस आम्ही तिघं वाकून होतो. बायको चौथी यायला निघाली, तर वहिनीनं तिला पोटाकडे बोट दाखवून आपल्या घरी बसवलं आणि भाकरी थापायचं काम दिलं. येणारे-जाणारे थांबून बघायचे. एकानं विचारलं, "मास्तर, काय मोती सांडलं का?" दादा म्हणाला, "व्हय, लई किमतीचं. तू बी वेच चार." मला वाटलं, तो हसला, म्हणजे निवळला.

तिसऱ्या दिवशी दुपारी भाकरी खाताना मी एकदाचं विचारलं. तोपर्यंत कधी न विचारलेलं.

"दादा, मला एक गाडीवाट देशील? कडेनं. आठ फूट. सहा चालेल."

दादानं कांदा फोडला, अर्धा माझ्यापुढे सरकवला.

"आता इचारतोस व्हय?"

"चुकलं माझं."

"चुकलं त्याचं काय न्हाई. पन आता देता येत न्हाई." तो माझ्याकडे न बघता रानाकडे बघत होता. "आदी मागितला असतास, तर सकाळी उठून मी सवता आखून दिला असता. आता दिला तर गाव म्हनंल, मास्तरानं मुरूम टाकून घेतला. उद्या ज्याला वाट पायजे, त्यो भावाच्या रानात मुरूम टाकंल. आन माजी पोरं म्हनतील, बापाला आडवता आलं न्हाई."

"मग दगड कसे नेऊ?"

"त्ये माला न्हाई सांगता येत." मग म्हणाला, "बांधावरनं ये-जा कर. त्ये कोन आडवनार न्हाई. मी मेल्यावर बी न्हाई."

वहिनी म्हणाली, "आवो, द्या की. लेकरावानी वाढीवलंय."

"म्हनून तर," दादा म्हणाला, आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. पुढं त्या विषयावर त्यानं जन्मभर चकार शब्द काढला नाही.

मुरूम सगळा निघाला नाहीच. ओला होऊन चिखलात मुरलेला खडा हाताला कुठं लागतोय? चौथ्या दिवशी वापसा आला आणि दादानं पेरणीची तिफण धरली. बाकी रानात तिफण मऊ चालायची. मधे आली की तिचे फण खडखड वाजायचे. मी बांधावर उभा राहून ऐकत होतो. दादा तिथं तिफण उचलून पुढे नेऊ शकला असता, पण त्यानं तिथंही पेरलं.

दिवाळीपर्यंत घर झालं नाही. आम्ही सोनईतच दुसऱ्या गल्लीत एका खोलीत गेलो, आणि धाकटा तिथंच जन्मला. पुढच्या उन्हाळ्यात गाढवांवरून माल वाहणारे भेटले. गाढवाला बांध पुरतो. एकेका गाढवाच्या पाठीवर दोन-दोन, तीन-तीन असे करत दगड माळावर चढले. मोठे दगड घेता आले नाहीत, म्हणून भिंती आमच्या लहान दगडांच्या आणि खोल्याही लहानच. वासे माणसांनी खांद्यावर आणले. जवळच्या शिंगणापुरात घरांना दारं नसतात, लोक लांबून बघायला येतात. माझ्या घराला दार होतं, रस्ता नव्हता. ते बघायला कुणी आलं नाही. वास्तुशांतीला मात्र दादा पहिला आला, बांधावरून, डोक्यावर धान्याची पाटी घेऊन. वहिनीनं दोन दिवस चूल सांभाळली. कुणाला वाटलंही नसतं, काही झालं होतं म्हणून.

पण झालेलं रान लपवत नाही. पुढची कितीतरी वर्षं दादाच्या ज्वारीत मधोमध एक पट्टा असायचा. दोन्ही बाजूंना ताटं माणसाच्या डोक्यावर जायची, आणि मधे गुडघ्याएवढी, पिवळट, दाणा न धरलेली. अगदी सरळ रेषेत, दोरी लावून आखल्यासारखी. गावरस्त्यावरून जाणाऱ्याला ती रेघ माझ्या दारापर्यंत स्पष्ट दिसायची.

एकदा दादाच्या थोरल्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. त्यांतला एक जाणता शेतकरी रानाकडे बघत म्हणाला, "पाव्हनं, येवढं भारी रान, आन मदीच असं काय झालं हो?"

मी दादाच्या शेजारीच उभा होतो. दादा माझ्याकडे वळलासुद्धा नाही.

"काय न्हाई," तो म्हणाला. "तेवढी जमीनच मुळात हलकी हाय."

पाहुण्यानं मान डोलावली. मीही डोलावली.