मोठेबाबांचा बोलिव्हिया

आमच्या मोठेबाबांइतकी बोलिव्हियाची काळजी खुद्द बोलिव्हियातही कुणी वाहिली नसेल. माझ्या वडिलांचे हे थोरले भाऊ. उभा जन्म कळमन्याच्या बाजारात धान्याची पारख करण्यात गेला आणि निवृत्तीनंतर त्यांना जुन्या नाण्यांचं वेड लागलं. वेडाला काही हद्द असते, पण यांनी जवळची भोसल्यांच्या काळची नाणी देऊन दक्षिण अमेरिकेतल्या या देशाचं, तो नुकता स्वतंत्र झाला तेव्हाचं, चांदीचं एक नाणं पदरात पाडून घेतलं. एका बाजूला मुक्तिदात्याचा चेहरा, दुसऱ्या बाजूला झाड आणि झाडाखाली बसलेले दोन लामा, म्हणजे तिकडची उंटाच्या कुळातली जनावरं.

तेव्हापासून कुठलाही विषय त्यांच्यापाशी आला की बोलिव्हियाला वळतो. माझ्या लग्नाच्या पंगतीत त्यांनी व्याह्यांना विचारलं, "देश स्वतंत्र झाला का पहिले काय बदलवा लागते, सांगा?" व्याही म्हणाले, झेंडा. "नाणं, बापू. टांकसाळ तीच, चांदी तीच, मजूर तेच. फक्त राजाचं थोबाड काढून टाकलं." व्याह्यांचा वरणभात निवून गेला. त्याच सरकारने पुढे लहान नाण्यांत चांदी कमी घातली, हे सांगताना मात्र ते आवाज खाली आणतात, घरचं पोर नापास झाल्यासारखा.

मोठ्या आईला, म्हणजे मोठेबाबांच्या बायकोला, त्या लामांचं फार कौतुक. ती त्यांना बकऱ्या म्हणायची आणि मोठेबाबा दर वेळी चिडून "लामा वं, लामा" म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी हे नाणं शहरातल्या प्रदर्शनात मांडायचं ठरलं. मोठेबाबांनी नवा सदरा शिवला. आणि ऐन दिवाळीत मोठ्या आईने लक्ष्मीपूजनाच्या शिक्क्यांबरोबर तेही चिंचेने लख्ख घासलं, पाटावर मांडलं, वर हळदकुंकू वाहिलं. जुन्या नाण्यावरची काळी झाक म्हणजे त्याची अब्रू. ती कुणी घासत नाही. मोठेबाबांनी ते पाटावरून उचलून उजेडात धरलं.

"अवं, दोनशे वर्षाची कमाई होती ते."

"मंग तोंड काहून पाडून राहिले? मळ होता, गेला. देवापुढं काय मळकं ठेवू?"

प्रदर्शनवाल्यांनी नाणं परत पाठवलं. मोठेबाबांनी नवा सदरा न घालताच ठेवून दिला. मोठ्या आईच्या हातचा चिवडा तेवढा खात राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात मोठी आई गेली. धंतोलीच्या दवाखान्यातून तिला घरी आणता आलं नाही.

यंदा प्रदर्शनवाल्यांचा स्वतःहून फोन आला. नाणं एव्हाना पुन्हा काळवंडू लागलं असेल, खाचांत तेव्हा दिसलेला पिवळा डाग तेवढा धुऊन द्या, दर्शनी पेटीत ठेवू. मी कोमट पाणी घेऊन गेलो. मोठेबाबांच्या अंगात तो नवा सदरा होता, नाणं मुठीत होतं. मोठेबाबांनी मूठ उघडली नाही.

"राहू दे गा," ते म्हणाले. "बकऱ्यायच्या पायाशी तिची हळद हाये."